मागचा जिना, हिरवं दार आणि तारेची घंटा : इंग्लिश कंट्री हाउसमधली नोकरांची बाजू



'डाउनटन ॲबी' ही मालिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. २०१० साली ती सुरू झाली आणि जगभर गाजली. वरच्या मजल्यावर लॉर्डसाहेबांचं कुटुंब, खालच्या मजल्यावर बटलर, हाउसकीपर, स्वयंपाकीण आणि मुली, असा तिचा मामला. आता एक गंमत सांगतो. वरच्या मजल्याचं बरंचसं चित्रीकरण हॅम्पशरमधल्या हायक्लेअर कासल या खऱ्याखुऱ्या वाड्यात झालं. खालचं स्वयंपाकघर आणि नोकरांचं जेवणघर मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत सेट लावून उभं केलं होतं. का? तर हायक्लेअरच्या तळघराचं जुनं रूप आता राहिलेलं नाही. तिथे आज तूतनखामेनच्या शोधाचं प्रदर्शन आहे, कारण त्या शोधामागचे लॉर्ड कार्नार्व्हन याच घराचे.

म्हणजे बघा, मालकांचा दिवाणखाना जपला गेला आणि नोकरांची खोली प्लायवूडची करावी लागली. इंग्लंडमधल्या शेकडो घरांची कमीअधिक फरकाने हीच कथा आहे. आज आपण त्या न जपलेल्या बाजूकडे बघणार आहोत. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : नोकरांची बाजू म्हणजे घर बांधून उरलेल्या जागेत केलेली सोय, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या घरातला सगळ्यात जास्त विचार करून आखलेला भाग तोच होता. आणि तिथे राबणाऱ्या बहुतेकांनी मागे काही लिहून ठेवलेलं नसल्यामुळे, त्या भिंती हाच आपल्यासाठी मोठा पुरावा आहे.

सगळे एका छपराखाली

सुरुवात मध्ययुगापासून करू. केंटमधलं पेन्सहर्स्ट प्लेस हे घर बघा. त्याचा मोठा हॉल १३४१च्या सुमाराचा. उंच लाकडी छप्पर, मधोमध उघडी चूल, धूर वरून बाहेर. या हॉलमध्ये मालक, त्याचे कारभारी, शिपाई, पोऱ्ये, पाहुणे असे सगळे एकत्र जेवत. एकत्र म्हणजे समानतेने नव्हे, बरं का. मालक एका टोकाला उंच ओट्यावर, आणि बाकीचे खाली आपापल्या पायरीप्रमाणे. पण छप्पर एक, धूर एक, आणि नजरही एक. कोण कोणाबरोबर बसतो हे सगळ्यांना दिसायचं, आणि ते दिसावं हाच हेतू होता. पदरी माणसं किती, यावर सरदाराची इभ्रत ठरायची. त्यामुळे नोकर लपवण्याचा प्रश्नच नव्हता. ते मिरवायचे होते.

हळूहळू मालक त्या हॉलमधून उठला आणि वरच्या खोल्यांत जेवू लागला. १५९०च्या दशकात रॉबर्ट स्मिथसनने डर्बीशरमध्ये बांधलेलं हार्डविक हॉल बघितलं तर हा बदल स्पष्ट दिसतो. बेस ऑफ हार्डविक या जबरदस्त बाईचं हे घर. इथे हॉल आहे, पण तो आता आत शिरण्याचा आणि खालच्या नोकरांनी जेवण्याचा. खरा थाट दगडी जिना चढून वर गेल्यावर. तरी गडीमाणसं घरभर होतीच. जिन्याच्या कठड्यापाशी, मालकिणीच्या दाराबाहेर, जागा मिळेल तिथे गादी टाकून झोपायची. घराला नोकरांचा भाग असा नव्हता. नोकर सगळीकडेच होते.

मागचा जिना

मग सतराव्या शतकाच्या मध्यात एक साधी वाटणारी गोष्ट घडली. सर रॉजर प्रॅट नावाच्या वास्तुकाराने बर्कशरमध्ये कोलशिल नावाचं घर बांधलं. १६५०च्या दशकात काम चाललं आणि १६६२च्या सुमारास पुरं झालं. पुढे १९५२ साली ते जळालं आणि पाडून टाकलं, त्यामुळे आज फक्त नकाशे आणि छायाचित्रं उरली आहेत. या घरात मधोमध भव्य जिना होताच. पण प्रत्येक मजल्यावर घराच्या लांबीभर एक बोळ होता, आणि बोळाच्या दोन्ही टोकांना एकेक अरुंद मागचा जिना. स्वयंपाकघर तळघरात, आणि नोकरांचं जेवणघरही तळघरात.

प्रॅटने आपल्या टिपणांत कारणही दिलं आहे. साध्या नोकरांनी कामासाठी ये-जा करताना मोठ्या जिन्यावर लोकांच्या नजरेस पडू नये. आता कामं कसली, ते नीट लक्षात घ्या. त्या काळी नळ नव्हते. सकाळी प्रत्येक शयनगृहातून रात्रीची भांडी खाली न्यायची, राख खाली न्यायची, पाणी आणि जळण वर न्यायचं. मागच्या जिन्यामुळे झालं काय, तर सकाळी उतरणाऱ्या उमरावाला आपलीच रात्रीची घाण समोरून जाताना बघावी लागेना. स्वच्छता अजून आली नव्हती. घाण आणि घाण वाहणारा माणूस, दोघांना मिळून एक वेगळी वाट दिली, एवढंच.

ही वाट एकदा तयार झाली, की तिच्याभोवती सगळं घर नव्याने रचलं जातं. पुढच्या दोनशे वर्षांचा इतिहास हा त्या जिन्याचा विस्तार आहे, असं म्हटलं तरी चालेल.

तार ओढली की माणूस येतो

मागचा जिना असला तरी नोकर फार लांब ठेवता येत नव्हता. हाक मारली तर ऐकू यायला हवी ना! म्हणून दाराबाहेर, बाजूच्या खोलीत कुणीतरी बसून असायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर उपाय निघाला, तारेच्या घंटेचा. खोलीत भिंतीवर दोरी किंवा मूठ. ती ओढली की भिंतीच्या आतून, कोपऱ्याकोपऱ्यांवरच्या कप्प्यांवरून तार खेचली जाते आणि तळघरातली घंटा वाजते. बोळात अशा घंटांची रांग असते, आणि प्रत्येकीखाली खोलीचं नाव. घंटा गोल वळवलेल्या स्प्रिंगवर टांगलेली, म्हणजे वाजून थांबली तरी ती काही वेळ हलत राहते आणि पळत आलेल्या माणसाला कोणती वाजली ते कळतं.

ही छोटी यंत्रणा वास्तुरचनेला मोकळं करून गेली. आता नोकर शंभर-दीडशे फूट लांब, वेगळ्या इमारतीत ठेवला तरी चालणार होतं. त्याचं ऐकणं आणि त्याचं जवळ असणं, हे दोन्ही तारेने वेगळं केलं.

पण याची दुसरी बाजूही बघा. दाराबाहेर ताटकळत बसणारा माणूस आता स्वतःच्या लोकांत बसू लागला. गप्पा मारू लागला, शिवणकाम करू लागला, मालकाची नक्कलसुद्धा करू लागला. जे मालकाच्या कानांपासून दूर गेलं, ते मालकाच्या कानांपासून सुटलंही. वेगळेपणाचा हा फायदा नोकरांना कोणी मुद्दाम दिला नव्हता. तो भिंतीतून आपोआप मिळाला.

दोन घरं, एक पत्ता

एकोणिसाव्या शतकात या सगळ्याचं शास्त्र झालं. १८६४ साली रॉबर्ट कर या वास्तुकाराचं 'द जंटलमन्स हाउस' हे जाडजूड पुस्तक आलं. त्यात त्याने घराच्या आखणीचा पहिला नियम म्हणून खासगीपणा सांगितला आहे. कुटुंब हा एक समाज, नोकर हा दुसरा समाज. दोघांमधलं दार बंद झालं की अलीकडचं पलीकडे दिसू नये आणि ऐकूही येऊ नये. हे दार म्हणजेच ते प्रसिद्ध हिरवं दार. लाकडी दारावर हिरवं लोकरी कापड पितळी खिळ्यांनी ठोकलेलं असे, आवाज दबावा म्हणून.

आज एखाद्या जुन्या घरात तुम्ही या दारातून पलीकडे गेलात तर पायांना आधी कळतं. गालिचा संपतो आणि फरशी लागते. महोगनी संपून साधं पाइनचं लाकूड येतं. छतावरचं नक्षीकाम थांबतं, भिंतीला चुन्याचा नाहीतर मळखाऊ तपकिरी रंग. जिना निम्म्या रुंदीचा, पायऱ्या उंच आणि मधोमध झिजलेल्या. इतिहासकाराला त्या झिजेवरून चांगलं वाचता येतं. मोठ्या जिन्याच्या पायऱ्या शतकानंतरही धड असतात, कारण त्यावरून वर्दळ कमी. घर चालायचं ते या झिजलेल्या जिन्यावरून.

कॉर्नवॉलमधलं लॅनहायड्रॉक हे घर १८८१ साली जळालं आणि मग नव्याने बांधलं गेलं. करच्या काळातली विचारसरणी तिथे जवळजवळ अख्खी बघायला मिळते. मुख्य स्वयंपाकघर एखाद्या कॉलेजच्या हॉलसारखं उंच, वर खिडक्या, म्हणजे उष्णता आणि वास वरून निघून जावा. आता आपल्याकडे स्वयंपाकघर म्हटलं की ओटा, चूल, मोरी सगळं एकत्र. इथे तसं नाही. भांडी घासायची खोली निराळी, भाकरी-पावाची निराळी, पेस्ट्रीची निराळी, मांसाची कोठी निराळी. दूधघरात झऱ्याचं गार पाणी दगडी पन्हळीतून खेळवलेलं, त्यावर साय आणि पुडिंग थंड राहायचं. फ्रिज यायच्या आधीचा तो फ्रिजच.

प्रत्येक खोलीच्या जागेमागे कारण असे. कोठी उत्तरेला, कारण तिथे ऊन येत नाही. स्वयंपाकघर जेवणघरापासून फार जवळ नको, कारण वास जातो. फार लांबही नको, कारण अन्न निवतं. मग वाटेत वळणं द्यायची. वास वळणावर अडतो, वाढपी अडत नाही! डर्बीशरच्या केडलस्टनमध्ये तर स्वयंपाकघर एका वेगळ्या बाजूच्या इमारतीत आहे आणि मुख्य घराशी अर्धगोल बोळाने जोडलेलं. तिथल्या चुलीच्या वर मोठ्या अक्षरांत उपदेश कोरला आहे, वाया घालवू नका म्हणजे उणं पडणार नाही, अशा अर्थाचा. ज्यांच्यासाठी वीस-वीस पदार्थ वर जायचे, त्यांच्या जेवणघरात तो कोरलेला नाही, याची नोंद घ्या.

बटलरची खोली जेवणघराजवळ आणि शक्यतो मुख्य रस्ता दिसेल अशी, म्हणजे बग्गी येताना आधी त्याला दिसावी. चांदीची भांडी त्याच्या ताब्यात, आणि तिजोरीशेजारी रात्री कुणीतरी नोकर झोपलेला. हाउसकीपरची खोली बायकांच्या जिन्यापाशी, शेजारी लोणी-मुरंबे, चहा आणि कापडाची कपाटं. तिच्या कमरेला किल्ल्या. लग्न झालेलं असो वा नसो, तिला 'मिसेस' म्हणायचं. करने स्वतः बांधलेल्या बर्कशरच्या बेअर वुड या घरात पुरुष नोकरांचा जिना वेगळा आणि बाई नोकरांचा वेगळा. मुली पोटमाळ्यावर, गडी तळघरात किंवा तबेल्याच्या वर. मालक आणि नोकर यांच्यातली भिंत आपल्याला लगेच दिसते. पण नोकर आणि नोकर यांच्यातल्या भिंतीही तितक्याच होत्या.

जेवणाचंच बघा. नोकरांच्या हॉलमध्ये बटलर एका टोकाला बसे, बाकी सगळे हुद्द्याप्रमाणे. अनेक मोठ्या घरांत मांसाचं ताट संपलं की वरिष्ठ नोकर उठायचे आणि रांगेने हाउसकीपरच्या खोलीत जाऊन गोड खायचे. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना खाली मालकाच्या नावाने हाक मारली जाई आणि मालकाच्या मानाप्रमाणे जागा मिळे. वरच्या मजल्याची उतरंड खाली सावलीसारखी उमटायची.

आणि पुरुष नोकर हा स्वतःच एक थाट होता. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १७७७ साली पुरुष नोकरांवर माणशी एक गिनी कर बसला. हा कर उठला थेट १९३७ साली! त्यामुळे वर्दीतला उंच फुटमन दारात उभा राही, कारण तो मालकाची ऐपत दाखवे. राख उचलणारी मुलगी मात्र दिसायची नाही. १८५१च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये घरकामगारांची संख्या दहा लाखांच्या वर होती आणि त्यात फार मोठा भाग बायका-मुलींचा. म्हणजे बांधकामाने कोणाला दाखवायचं आणि कोणाला झाकायचं, याचाही हिशेब होता.

अपपार्कचा बोगदा

आता एका घरापाशी जरा थांबू या. ससेक्समधलं अपपार्क. सतराव्या शतकाच्या अखेरचं, टेकडीवरचं, लाल विटांचं सुरेख घर. चारही बाजूंनी देखणं दिसावं म्हणून स्वयंपाक आणि तबेले दोन बाजूंच्या वेगळ्या इमारतींत नेले आणि मुख्य घराशी जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडले. हिरवळीवर उभं राहिलात तर तुम्हाला फक्त हिरवळ दिसते. तुमच्या पायांखालून जेवण चाललेलं असतं. जवळच्याच पेटवर्थ हाउसमध्येही नोकरांची इमारत वेगळी आणि मध्ये बोगदा, असाच प्रकार आहे.

या घराचे मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ. १८२५ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी लग्न केलं. कोणाशी? घरच्याच दूधघरात काम करणाऱ्या, विशीतल्या मेरी ॲन बुलक हिच्याशी. तिला शिकायला पॅरिसला पाठवलं. १८४६ मध्ये सर हॅरी गेले आणि घर तिच्याकडे आलं. तिच्यानंतर ते तिच्या बहिणीकडे, फ्रान्सिसकडे गेलं. इतक्या काळजीने बांधलेल्या भिंती एका लग्नाने ओलांडल्या. पण भिंती पडल्या का? नाही पडल्या. दूधघरातली मुलगी वर गेली, आणि बोगद्यातून जेवण येतच राहिलं. व्यक्तीची जागा बदलली, घराची रचना तशीच राहिली. मला वाटतं, व्यवस्था म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

याच फ्रान्सिसबाईंकडे १८८० ते १८९३ हाउसकीपर होत्या सारा वेल्स. त्यांचा मुलगा सुट्टीत आईकडे येऊन तळघरात राहायचा आणि वरच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचायचा. तो मुलगा म्हणजे एच. जी. वेल्स. १८९५ साली त्याची 'द टाइम मशीन' आली. तिच्यात भविष्यातली माणसं दोन जातींत विभागली आहेत. वर उजेडात नाजूक, आळशी इलॉय. खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. त्या कल्पनेला इतरही धागे आहेत, पण अपपार्कचा बोगदा पाहिलेल्या कोणालाही तिचं एक मूळ कुठे असावं हे सांगावं लागत नाही. पुढे 'टोनो-बंगे' या कादंबरीत त्याने हाउसकीपरच्या मुलाच्या नजरेतून अशाच घराचं चित्र उघडपणे काढलं.

हा जिना आपल्याकडे आला

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण ही आखणी साहेबाबरोबर इकडेही आली, आणि येताना बदलली. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस १७९९ ते १८०३ मध्ये बांधलं गेलं, ते मघाशी सांगितलेल्या केडलस्टनच्या धर्तीवर. शंभर वर्षांनी त्यात राहायला आला लॉर्ड कर्झन, ज्याचं वडिलोपार्जित घरच केडलस्टन!

बंगल्यात मात्र फरक पडला. इथे तारांच्या घंटांची फारशी गरज नव्हती, कारण व्हरांड्यात माणूस बसलेला असायचा आणि 'कोई है' म्हटलं की भागायचं. नोकरांची घरं बंगल्याच्या मागे आवाराच्या कडेला रांगेत. त्यालाच आपण आजही आउटहाउस म्हणतो. न्हाणीघराला बाहेरून एक स्वतंत्र दार असे, भिश्ती आणि सफाई करणारा तिकडूनच यायचे. आणि मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिने बघितले असतील तुम्ही. हवेशीर, नक्षीदार, छायाचित्रांत छान दिसतात. ते कशासाठी होते? सफाई कामगाराने घरातून न जाता संडासापर्यंत यावं म्हणून. कोलशिलच्या मागच्या जिन्याचं कामही हेच होतं. इंग्लंडमध्ये तो वर्गाचा जिना होता. आपल्याकडे तो जातीच्या पायऱ्यांवर बसवला, आणि इथे त्याला नवीन काही समजावून सांगावं लागलं नाही. आजच्या टॉवरमध्ये कामाला येणाऱ्या बायकांसाठी निराळी लिफ्ट असते, तेव्हा तिचा वंश कुठवर जातो हे आपल्याला माहीत असावं.

मग हे संपलं कसं?

थोडं यंत्रांनी. नॉर्थंबरलंडमधल्या क्रॅगसाइड या घरात विल्यम आर्मस्ट्राँग या उद्योजकाने पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट बसवली, मांस भाजायची सळईसुद्धा पाण्याच्या जोरावर फिरायची, आणि एकोणिसाव्या शतकातच विजेचे दिवे लागले. पण यंत्रांहून जास्त युद्धांनी. १९१४नंतर पुरुष लढायला गेले, मुली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या. तिथे पगार मिळायचा आणि संध्याकाळ आपली असायची. लॅनहायड्रॉकचा वारस टॉमी ॲगर-रोबार्ट्स १९१५ साली लूसच्या लढाईत पडला. ते घर पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कर वाढले, शेकडो घरं पाडली गेली. नोकरांशिवाय ती चालणारच नव्हती. घर कोणाच्या खांद्यावर उभं होतं हे ते खांदे निघून गेल्यावर कळलं.

वेल्समधल्या एर्डिग या घराची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या यॉर्क कुटुंबाने १७९०च्या दशकापासून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, पुढे छायाचित्रंही. नॅशनल ट्रस्टने १९७०च्या दशकात हे घर लोकांसाठी खुलं केलं तेव्हा पाहुण्यांना पुढच्या दारातून न नेता कामगारांच्या आवारातून आत नेलं. एका दाराच्या निवडीने त्या घराचा इतिहास बदलला. अर्थात तिथेही एक गोष्ट विसरू नये. ती चित्रं मालकांनी काढून घेतली आहेत. नोकर त्यात मालकाला दिसले तसे आहेत.

शेवटी एक वस्तू सांगून थांबतो. घरात नव्याने कामाला येणारी मुलगी आपल्याबरोबर एक पेटी आणायची. पोटमाळ्यावरची खोली दुसरीबरोबर वाटून घ्यायची, कित्येकदा पलंगही. खोलीत हाउसकीपर केव्हाही यायची. कुलूप असायचं ते त्या पेटीला. करने आपल्या पुस्तकात खासगीपणाला पहिलं स्थान दिलं, त्यासाठी जिने वेगळे केले, दारं हिरव्या कापडाने मढवली, बोळांना वळणं दिली. त्या सगळ्या शेकडो खोल्यांच्या घरात तिच्या वाट्याला आलेला खासगीपणा दीड-दोन हात लांबीचा होता. पुढच्या वेळी असं एखादं घर पडद्यावर किंवा प्रत्यक्ष बघाल, तेव्हा मोठ्या जिन्यावर उभं राहून आधी एवढंच विचारा : दुसरा जिना कुठे आहे?